ढाल, सिंह आणि कोरल: कोट ऑफ आर्म्स काढणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात जुनी लेटरहेडं कॉम्प्युटरवर नव्याने काढण्याबद्दल लिहिलं होतं, त्यात जाताजाता म्हटलं की ढालीवरचे ते युरोपियन पद्धतीचे कोट ऑफ आर्म्स, म्हणजे घराण्यांची आणि राज्यांची चिन्हं, हे प्रकरण वेगळं आहे, त्याला लोगोचे नियम लावून चालत नाही. झालं, पत्रं आणि मेसेज सुरू. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला नाही तरी सगळं वाचा, दुसऱ्याच्या उत्तरात सापडेल.

प्रश्न (वसई): नमस्कार ताई, आमचा किल्ल्यांवर फिरणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे, शाळेतल्या मुलांसाठी एक पुस्तिका करतोय. वसईच्या बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर पोर्तुगीजांचं चिन्ह कोरलेलं आहे, ढाल, मुकुट आणि बाजूला पट्ट्यापट्ट्यांचा गोल. मोबाईलने फोटो काढला, कोरलमधे (चित्र काढायच्या कोरलड्रॉ प्रोग्रॅममधे) घेऊन पॉवरट्रेस, म्हणजे फोटोवरून आपोआप रेघा काढायचं साधन, मारला तर दगडाची भोकं आणि शेवाळ एवढंच ट्रेस झालं, ढाल शोधावी लागतेय. मग नेटवरून पोर्तुगालच्या झेंड्यातलं चिन्ह घेऊन लावलं तर ग्रुपमधले एक काका म्हणतात हे ते नव्हे. काका बरोबर का आम्ही? आणि रंग कुठले द्यायचे?

उत्तर: काका बरोबर. झेंड्यातलं चिन्ह 1911 चं, राजेशाही गेल्यानंतर ठरवलेलं. त्यात तो गोल, म्हणजे आर्मिलरी स्फिअर, आकाशातली वर्तुळं दाखवायचं जुनं यंत्र, ढालीच्या मागे आहे आणि मुकुट नाहीच. तुमच्या दरवाज्यावर गोल बाजूला आहे कारण तो मुळात मॅन्युएल पहिला या राजाचं खासगी चिन्ह, ढालीशी त्याचा तसा संबंध नव्हता. वसई पोर्तुगीजांकडे 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजीअप्पांनी घेईपर्यंत, तेव्हा 1911 चं चित्र तिथे चिकटवलं तर मुलांना चुकीचंच शिकवल्यासारखं होईल.

आता आधी एक ठरवा, तुम्हाला त्या दगडाची नोंद करायचीय की पोर्तुगालचं चिन्ह काढायचंय? दोन्ही अचूक करता येतं पण काम वेगळं आहे. नोंद करायची असेल तर दगडावर जे आहे ते, झिजलंय तिथे झिजलेलं दाखवायचं, मनाने काही भरायचं नाही. चिन्ह काढायचं असेल तर मात्र फोटोकडे नंतर बघा, आधी शब्द शोधा. कारण या चिन्हांचं मूळ म्हणजे कुठलं एक चित्र नसतं, मूळ असतं ते शब्दांतलं वर्णन, त्याला ब्लेझन म्हणतात. बंदिश एकच असते आणि गाणारा प्रत्येकजण आपल्या गळ्याने गातो ना, तसं आहे हे, शब्द पाळले की चित्र तुमच्या हाताचं चालतं. पोर्तुगालचे शब्द साधारण असे: रुपेरी ढाल, तिच्यावर अधिकच्या चिन्हाच्या मांडणीत पाच निळ्या छोट्या ढाली, प्रत्येकीत पाच रुपेरी गोल ठिपके (चार कोपऱ्यांत चार, मधे एक), भोवती लाल किनार, किनारीवर सोनेरी किल्ले.

किल्ले किती ते दगडावर मोजा. सात हा आकडा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सेबास्तियाव राजाच्या काळाच्या आसपास पक्का झाला, त्याआधी आठ नऊ किंवा त्याहूनही जास्त दिसतात. मुकुटही बघा, वरून मोकळा आहे की कमानी बांधून बंद केलेला, बंद मुकुट साधारण त्याच राजापासून येतो. आणि डावी उजवीकडच्या छोट्या ढाली आडव्या पडल्यात का उभ्या आहेत? 1485 मधे जुआँव दुसरा याने त्या उभ्या केल्या, त्याआधी त्यांची टोकं मध्याकडे वळलेली असायची. वसईत उभ्याच असायला हव्यात. या तीन गोष्टी बघितल्या की कोरीवकामाच्या काळाचा थोडा अंदाज पण येतो, पुस्तिकेत टाकायला चांगला मजकूर आहे हा.

फोटोचं म्हणाल तर भर दुपारी काढू नका. सकाळचं नाहीतर संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर सरपटत येतं तेव्हा उठाव दिसतो. लांब उभं राहून दोन पट झूमने घ्या, जवळून वाईड लेन्सने घेतला की ढालीचं पोट फुगतं. दरवाजा उंच असल्याने फोटो खालून वर निमुळता होणारच, तो गिंप या फोटोच्या प्रोग्रॅममधे पर्स्पेक्टिव्ह टूलचा करेक्टिव्ह मोड लावून सरळ करा. आणि प्लीज, उठाव दिसावा म्हणून खडू, हळद, रांगोळी काहीही घासू नका, पाणी पण मारू नका. पुरातत्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे ते.

ढालीचा आकार हाताने अंदाजे ओढायचा नाही, बांधायचा. पोर्तुगीज ढाल खालून गोल असते. रुंदी 300 धरा (मिमी, पिक्सेल काहीही), वर 300 बाय 210 चा आयत, त्याच्या खालच्या कडेवर 150 त्रिज्येचं अर्धवर्तुळ, दोन्ही वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. उंची 360 झाली. हा काही कायदा नाही, सोयीचं प्रमाण आहे, दगडावरचं वेगळं असेल तर तेच घ्या. आता किनार. इथे बहुतेक सगळे घसरतात. ढालीची कॉपी करून ती कोपऱ्याला धरून लहान करतात आणि मधे ठेवतात. 300 बाय 360 ची ढाल 200 रुंद केली की उंची होते 240, मग बाजूला किनार 50 उरते आणि वरखाली 60. डोळ्याला काहीतरी खटकत राहतं पण कळत नाही काय. त्याऐवजी कोरलमधे कॉन्टूर टूल घ्या, आतल्या बाजूला 50, मग ब्रेक अपार्ट. कोरलसारखेच दुसरे प्रोग्रॅम वापरत असाल तर इंकस्केपमधे लिंक्ड ऑफसेट, इलस्ट्रेटरमधे ऑफसेट पाथ उणे 50. आतली ढाल 200 बाय 260 येईल आणि किनार सगळीकडे सारखी. किल्ले बसवायचे असतील तर रुंदीचा सहावा हिस्सा किनारीला द्या, त्याहून बारीक केली तर किल्ले मुंग्यांएवढे होतात.

रंग दगडावर नाहीतच, ते वर दिलेल्या शब्दांतून घ्यायचे. पॉवरट्रेसचं विसरा. फोटो खालच्या लेयरवर लॉक करा, फिका करा, वरून बेझियर या वळणदार रेघेच्या टूलने काढा, जितके कमी नोड (रेघेवरचे बिंदू) तितकी रेघ गोड.

प्रश्न (इचलकरंजी): कोट ऑफ आर्म्समधल्या सोनेरीचा आणि रुपेरीचा ऑफिशियल हेक्स कोड काय? आमच्या फ्लेक्सवाल्याला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचं प्रमाण, पाहिजे.

उत्तर: कोड नसतो. ब्लेझनमधे लाल म्हटलं की लाल, टोमॅटोसारखा की रक्तासारखा हे काढणाऱ्यावर. अलीकडे काही देशांनी आपापल्या चिन्हापुरते शेड ठरवून घेतलेत, ती गोष्ट वेगळी. नियम आहे तो दुसराच. सोनेरी आणि रुपेरी हे दोन धातू, लाल निळा हिरवा काळा जांभळा हे रंग, आणि धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. लाल शेतावर (शेत म्हणजे ढालीची मागची सपाट जागा) निळा सिंह नको, पिवळ्यावर पांढरा नको, कारण हे सगळं मुळात लांबून ओळखू यावं म्हणून होतं. अपवाद आहेत, जेरुसलेमच्या राज्याचे रुपेरीवर सोनेरी क्रूस तर प्रसिद्धच आहेत, पण ते अपवाद म्हणूनच प्रसिद्ध.

फ्लेक्ससाठी सोनेरी म्हणजे सपाट पिवळा, 0-20-100-0 च्या आसपास, रुपेरी म्हणजे सरळ पांढरा. ग्रेडियंट मारून चकाकी आणू नका हो, ती लग्नाच्या बॅनरवर शोभते. खरी चकाकी हवी असेल तर फॉइल प्रिंटिंग करा, त्याचा भाग वेगळ्या लेयरवर द्या. आणि निळ्यात मजेंटा फार टाकू नका, छापल्यावर जांभळा होतो आणि मग चिन्हच बदलतं.

प्रश्न (नागपूर): जुन्या पुस्तकात एका संस्थानाचं चिन्ह काळ्या शाईत छापलंय, ढालीच्या भागांत कुठे उभ्या रेघा, कुठे आडव्या, कुठे नुसते ठिपके. ही डिझाईन आहे का शेडिंग? मी कॉपी करताना काढून टाकू का?

उत्तर: अजिबात काढू नका, ते रंग आहेत! रंगीत छपाई महाग होती तेव्हाची युक्ती. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता नावाच्या जेझुइट पाद्रीने 1638 मधे ही पद्धत वापरली आणि तीच सगळीकडे रुळली. उभ्या रेघा लाल, आडव्या निळा, ठिपके सोनेरी, कोरी जागा रुपेरी, उभ्याआडव्या जाळीचा काळा. तिरप्या रेघा बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरत असतील तर हिरवा, उलट्या असतील तर जांभळा. म्हणजे तुमच्या त्या काळ्यापांढऱ्या छाप्यावरून अख्खं रंगीत चित्र परत बनवता येतं.

पण कॉम्प्युटरवर यात एक खड्डा आहे. रेघांचा पॅटर्न फिल म्हणून भरला आणि ती वस्तू फिरवली, तर सेटिंगप्रमाणे आतल्या रेघा पण फिरतात. 90 अंशात फिरवलेला लाल भाग निळा होऊन बसतो, आणि आडवा मिरर मारला की हिरव्याचा जांभळा. चित्र दिसायला छानच दिसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इलस्ट्रेटरमधे ट्रान्सफॉर्म पॅटर्न्सची खूण काढून टाका, इंकस्केपमधे सिलेक्ट टूलच्या वरच्या पट्टीवर पॅटर्न वस्तूबरोबर हलवायचं बटण असतं ते बंद करा. मी स्वतः तर पॅटर्न भरतच नाही, खऱ्या रेघा समान अंतराने काढते आणि त्या भागात पॉवरक्लिप करते, म्हणजे त्याच्या कडेबाहेरचं झाकून टाकते, वस्तू हलली तरी रेघा माझ्या ताब्यात राहतात.

प्रश्न (ग्लासगो): ताई, आम्ही मूळचे साताऱ्याचे, पंचवीसेक वर्षं इकडेच. ह्यांना लॉर्ड लायनच्या कोर्टाकडून (स्कॉटलंडमधे ही चिन्हं मंजूर करणारं कार्यालय) रीतसर कोट ऑफ आर्म्स मिळालंय, निळ्या ढालीवर मागच्या पायांवर उभा सोनेरी सिंह, जीभ आणि नखं लाल, वर रुपेरी पट्टा, त्यावर तीन लाल कमळं. मुलीच्या लग्नपत्रिकेवर टाकायचंय. सनदेवरचं चित्र स्कॅन केलं तर ब्लर येतं. म्हणून एक रेडीमेड सिंह विकत घेतला, तो उजवीकडे बघतो, पत्रिकेच्या मांडणीला तसाच बरा दिसतो. चालेल का? शिवाय बोधवाक्य संस्कृत आहे, ते रिबिनीवर वळवलं की अक्षरं सुटी होतात.

उत्तर: अभिनंदन, आणि पत्रिका झाली की मला एक पाठवा. सनदेवरच्या चित्राची कॉपीच हवी असं काही नाही. सनदेत शब्द दिलेत, त्या शब्दांना धरून कुठल्याही चित्रकाराने नव्याने काढलं तरी ते तुमचंच चिन्ह.

सिंह मात्र फिरवा. ढालीची डावी उजवी बाजू ही ढाल धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात, आपल्या नव्हे. त्याची उजवी ती आपली डावी, आणि प्राणी त्याच्या उजवीकडे बघतात, म्हणजे आपल्याला ते डावीकडे तोंड करून दिसले पाहिजेत. उलटा सिंह काढायचा तर वर्णनात तसं मुद्दाम लिहावं लागतं. जर्मन परंपरेत एक गोड सूट आहे, नवराबायकोच्या दोन ढाली शेजारी शेजारी असल्या तर नवऱ्याच्या ढालीतला प्राणी सौजन्य म्हणून बायकोच्या ढालीकडे तोंड वळवतो. तुमच्या पत्रिकेवर ढाल एकच आहे, त्यामुळे तो बहाणा चालणार नाही.

रेडीमेड सिंहाची अजून एक अडचण. तो रिकाम्या ढालीसाठी काढलेला असतो, लांबुळका. तुमच्याकडे वरचा पट्टा जागा खातो. टोकदार ढाल घेऊ: रुंदी 300, बाजू सरळ खाली 100 पर्यंत, मग उजव्या बाजूच्या खालच्या बिंदूवर केंद्र ठेवून 300 त्रिज्येचा कंस डावीकडून खाली आणि डाव्या बिंदूवर केंद्र ठेवून तसाच उजवीकडून. दोन्ही बरोबर मधे भेटतात, एकूण उंची साधारण 360. यातला पट्टा तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा कमी, 105 ते 110 ठेवा. उरली 250, ती पण खाली निमुळती. त्यात लांबुळका सिंह बसवायला लोक त्याला वरून दाबतात, मग आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, आणि सिंह आजारी दिसतो. दाबू नका, नव्याने मांडा. वरचा पुढचा पंजा आपल्या डाव्या वरच्या कोपऱ्यात घुसू द्या, शेपटीचा झुपका उजवा कोपरा भरेल, मागचा एक पाय खालच्या टोकात उतरवा. या कलेत शेत भरणं महत्त्वाचं, मधे एवढासा सिंह आणि भोवती मैदान हे नवशिक्याचं लक्षण. प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाचा फोटो समोर ठेवू नका, हा सिंह कागदावरचाच, बारीक कंबर, मोठे पंजे, आयाळीच्या ज्वाळा. जीभ आणि नखं वेगळ्या वस्तू म्हणून काढा, नाहीतर लाल भरताना अख्खा सिंह लाल होतो. कमळं पट्ट्यावर एका ओळीत. नुसत्या ढालीवर तीन वस्तू असत्या तर वर दोन खाली एक अशा बसल्या असत्या.

ढालीच्या वर हेल्मेट दाखवणार असाल तर त्यावरची पिळाची गुंडाळी सहा पेडांची दाखवायची रीत आहे, आपल्या डावीकडून पहिला पेड धातूचा, म्हणजे सोनेरी, मग निळा, असं. मागून लोंबणारं फाटकं कापड असतं त्याचा बाहेरचा भाग सहसा रंगाचा आणि अस्तर धातूचं. ते कापड कसं उडवायचं याची पूर्ण मोकळीक आहे, हात मोकळा करा तिथे. बोधवाक्याची रिबीन मात्र स्कॉटलंडमधे वर, शिखरचिन्हाच्या, म्हणजे हेल्मेटवर बसवलेल्या चिन्हाच्याही वर येते, ढालीखाली घेतात ती इंग्लंडची पद्धत. तुमच्या सनदेत बघा, वरच असेल.

आता देवनागरीचं दुखणं. फिट टेक्स्ट टू पाथ हे रोमन लिपीसाठी ठीक आहे, प्रत्येक अक्षर सुटं फिरतं. आपली शिरोरेषा तिथे तुटते, वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षराची तर हाडंच मोडतात. वाक्य आधी सरळ ओळीत टाईप करा, युनिकोड फॉन्टमधे, शुद्धलेखन दोनदा तपासा, मग कर्व्हमधे बदला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करा, सगळं वेल्ड करा म्हणजे शिरोरेषा एकसंध होईल, आणि मग एन्व्हलप टूलने अख्खी पट्टी वाकवा. इंकस्केपमधे पाथ इफेक्टमधला बेंड. रिबिनीला फार घड्या घालू नका, मुंबई महापालिकेचं यतो धर्मस्ततो जयः बघा, छोटं वाक्य असलं की बसतं. लांब वाक्य असेल तर घडी शब्दांच्या मधे पाडा, शब्दाच्या पोटात नको.

प्रश्न (बडोदा): आजोबांच्या जुन्या कागदपत्रांवर गायकवाड सरकारचं चिन्ह छापलेलं आहे. हे मराठेशाहीतलं पारंपरिक आहे असं आम्ही समजत होतो, पण ढाल बिल बघता इंग्रजी वाटतं. नक्की काय? आणि नव्याने काढायचं तर कशावरून?

उत्तर: तुमचा संशय योग्य आहे. आपल्याकडे शिक्का होता, मोर्चेल, छत्रचामर होतं, जरीपटका होता, पण ढालीचे कप्पे करून त्यात चिन्हं मांडायची ही रीत आपली नव्हे. 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत लॉर्ड लिटनने व्हिक्टोरिया राणीला कैसर ए हिंद म्हणून जाहीर करायचा दरबार भरवला, त्यात संस्थानिकांना रेशमी ध्वज दिले, त्यांवर अशी युरोपियन पद्धतीची चिन्हं होती. ती बनवली बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलर या साहेबाने, त्याला हेराल्ड्रीचा, म्हणजे या चिन्हांच्या शास्त्राचा, नाद होता आणि 1869 मधे ड्यूक ऑफ एडिंबरा आले तेव्हापासून तो हा उद्योग करत होता. शिंदे, होळकर, गायकवाड तिघेही त्या दरबारात होते. गायकवाड म्हणजे सयाजीराव तिसरे, दोन वर्षांपूर्वीच गादीवर बसलेले, वयाने लहानच. घराण्याच्या इतिहासातलं, देवधर्मातलं काहीबाही घेऊन ते इंग्रजी व्याकरणात बसवलं असा एकूण प्रकार. मला विचाराल तर त्यात गंमत पण आहे आणि सत्ता दाखवणं पण आहे, तुझी ओळख काय ते आम्ही ठरवणार.

टेलरने नंतर ही चिन्हं आणि त्यांची माहिती छापली, ती चाळायला मिळाली तर उत्तम. पण 1877 चा ध्वज आणि नंतरची लेटरहेडं यांत फरक पडलेले असू शकतात, दरबारी छापखान्यात कुणीतरी मुकुट बदलतो, कुणी बाजूचे प्राणी. म्हणून तुमच्या कागदाची तारीख बघा आणि त्याच काळातले अजून दोनतीन छापील नमुने जमवा, तिकिटं, स्टॅम्प पेपर, दरबारी कार्डं. कागद 600 डीपीआयला स्कॅन करा, 300 ला बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. रेघाठिपके असतील तर वर नागपूरच्या उत्तरात दिलंय त्याप्रमाणे रंग लावून बघा.

प्रश्न (मडगाव): बाबांच्या पंचाहत्तरीला आमच्या आडनावाचा कोट ऑफ आर्म्स एका वेबसाईटवरून विकत घेतला, फ्रेम पण केली. आता ती फाईल मोठी करून हॉलमधे भिंतीवर काढायचीय पण फाटते. आणि चुलतभावाने दुसऱ्या साईटवरून घेतला तो वेगळाच निघाला. खरा कुठला?

उत्तर: बाबांना काही सांगू नका पण बहुतेक दोन्ही तुमचे नाहीत. ढाल मिळते ती माणसाला आणि त्याच्या वंशजांना. पोर्तुगालमधे नावाशी चिन्ह जोडलेलं दिसतं हे खरं, सिंत्राच्या राजवाड्यात एका दालनाच्या छताला 72 सरदार घराण्यांची चिन्हं रंगवलेली आहेत, पण गोव्यात धर्मांतराच्या वेळी पुष्कळांना आडनाव मिळालं ते पाद्रीचं किंवा गॉडफादरचं. नाव तेच, रक्ताचं नातं नाही. गोव्यातल्या काही घराण्यांना राजाकडून खरोखर सनदा मिळाल्या होत्या, तशी असेल तर ती घरच्या पेटीत किंवा दारावर दिसेल. आडनावावरून चिन्ह विकणाऱ्या साईट तो फरक करत बसत नाहीत.

माझं ऐकाल तर भिंतीसाठी नवीन काढा. आपल्या देशात हे मंजूर करणारं खातंच नाही, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही, फक्त दुसऱ्याचं उचलायचं नाही. गोव्याचं म्हणून सेंट कॅथरीनचं चाक घेता येईल, 25 नोव्हेंबर 1510 ला, तिच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने शहर घेतलं म्हणून ते गोव्याच्या चिन्हात आलं. अर्थात तुमच्या घरात त्या दिवसाबद्दल काय भावना आहेत ते बघून ठरवा, नाहीतर माड, होडी, बाबांचा व्यवसाय, काहीही चालेल. चाक काढायचंच तर एक आरा काढा, फिरवायचं केंद्र चाकाच्या मध्यावर ठेवा, 45 अंशाने सात कॉप्या, आठ आरे झाले. धावेवरची पाती पण तशीच, पण सगळी एकाच दिशेला वाकलेली हवीत, म्हणून इथे मिरर नाही, नुसतं रोटेट.

प्रश्न (सांगली): मंडळाच्या ढालीत मधोमध अशोकस्तंभाचे सिंह टाकतोय, सगळ्यांना आवडलंय.

उत्तर: ते सिंह काढून टाका. 2005 चा कायदा आहे, खासगी संस्थेला राज्यचिन्ह वापरता येत नाही, त्यासारखं दिसणारं पण नाही. गदा टाका, हळदीचं पान टाका.

प्रश्न (पुणे): हे सगळं एआयला सांगितलं तर दोन मिनिटांत होतं ना? एवढा खटाटोप कशाला?

उत्तर: दोन मिनिटांत येतं, पण मोजून बघा. सात किल्ले सांगितले तर पुष्कळदा सहा नाहीतर नऊ, सिंहाला पाचवा पाय, रिबिनीवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं, आणि डावंउजवं तर विचारूच नका. शिवाय बहुतेक वेळा मिळतं ते पिक्सेलचं चित्र, व्हेक्टर (रेघांचं, मोठं केलं तरी न फाटणारं) नाही. पानफुलं कशी वळवता येतील, हेल्मेटमागचं कापड कसं उडेल याच्या कल्पना घ्यायला वापरा, माझी हरकत नाही. मोजायच्या गोष्टी हाताने.

प्रश्न (नाशिक): कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघासाठी ढाल पूर्ण काढून झाली, एफोरवर झकास दिसते. लेटरहेडवर 15 मिमी केली की काळा डाग. आणि लेझरवाल्याने लाकडावर कोरली तर सगळ्या रेघा दुहेरी आल्या. काय करू?

उत्तर: दोन वेगळी दुखणी आहेत. काळा डाग येतो कारण चित्र लहान झालं तरी रेघेची जाडी तेवढीच राहिली. कोरलमधे आउटलाईन पेन उघडा, स्केल विथ ऑब्जेक्टला टिक करा. इंकस्केपमधे स्ट्रोकची जाडी स्केल करायचं बटण, इलस्ट्रेटरमधे स्केल स्ट्रोक्स. पण त्याने पण पूर्ण सुटणार नाही, 15 मिमीला रेघ इतकी बारीक होते की छापताना उडते. म्हणून छोट्या मापाचं चित्र वेगळंच काढा. रिबीन काढून टाका, पिसांच्या आतल्या रेघा पुसून टाका, आयाळीच्या नऊ ज्वाळांच्या तीन करा, उरलेल्या रेघा थोड्या जाड ठेवा. वर्णनात नसलेलं सगळं उडवलं तरी चिन्ह तेच राहतं, वर्णनातलं मात्र एकही कमी करायचं नाही, तीन तारे असतील तर तीनच.

लेझरचं म्हणाल तर तुम्ही आउटलाईनला ऑब्जेक्टमधे बदलून फाईल दिली असणार. मग प्रत्येक रेघ ही दोन कडांचा बारीक आकार होते आणि मशीन दोन्ही कडांवरून फिरतं. कटिंगला आणि नुसत्या रेघेला साधी हेअरलाईन, म्हणजे सगळ्यात बारीक रेघ, द्या, भरीव भाग कोरायचे असतील तर ते वेगळ्या रंगात आणि वेगळ्या लेयरवर, आणि लेझरवाल्याला कुठला रंग कशासाठी ते कागदावर लिहून द्या. लाकडावर रंग येणार नाहीत, तेव्हा तिथे पेत्रा सांक्ताच्या रेघा वापरा, त्यासाठीच आहेत त्या. आधी एमडीएफच्या तुकड्यावर एक कोपरा कोरून बघा, रेघांमधलं अंतर अर्ध्या मिमीपेक्षा कमी असेल तर मधलं लाकूड जळून जातं.

मूळ फाईल कर्व्ह न केलेली, लेयरसकट, वेगळी जपून ठेवा आणि तिच्याबरोबर एका साध्या टेक्स्ट फाईलमधे तुमच्या ढालीचं वर्णन मराठीत लिहून ठेवा, रंग, संख्या, कोण कुठे बघतंय सगळं. संघाची कमिटी बदलली की नवीन माणूस व्हॉट्सअपवरचा जेपीजी घेऊन ट्रेस करायला बसतो.